अक्षरांची भावकी

रविवारी लोणावळ्याहून पुण्याकडे निघालेल्या लोकलमध्ये थोडा वेळ कान उघडे ठेवून बसावे. "आज मेगाब्लॉक आहे, पुढची गाडी रद्द." "सिग्नल मिळेना म्हणून उभी केलीय." "कोणीतरी चेन ओढली वाटतं." "मेन लाइनची जाऊ दे आधी." बोलणारी माणसे मळवलीची, कामशेतची, कान्ह्याची असतात, कोणाजवळ दुधाची किटली, कोणाच्या हातात कंपनीचा डबा. आपण इंग्रजी बोलतो आहोत असे त्यांच्यापैकी कोणाच्या मनातही येत नाही आणि ते बरोबरच आहे, कारण हे शब्द मावळात चार-पाच पिढ्या नांदले आहेत. १८५८ साली खंडाळा ते पुणे लोहमार्ग सुरू झाला, १८६३ साली बोरघाटाची चढण पुरी होऊन मुंबई जोडली गेली, आणि गँगमन, पॉइंटमन, फायरमन, केबिन, बँकर ही सगळी मंडळी गावात राहायला आली. कर्जतला गाडीच्या पाठीला लागून तिला घाट चढवणारे इंजिन म्हणजे बँकर, हे लोणावळ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पेढीवर बसून पैसे मोजणाराही बँकरच, हे त्याला बऱ्याच उशिरा कळते.

हे सारे शब्द कानाने आले. त्यांचा चेहरा कोणी पाहिला नव्हता. शाळेत गेल्यावर तेच शब्द फळ्यावर येतात तेव्हा ओळख पटत नाही. जन्मभर 'चेन' म्हणत आलेले पोर सी-एच-ए-आय-एन ही पाच अक्षरे बघून थबकते आणि 'चाइन' की 'कैन' असा अंदाज करू लागते. मग सर सांगतात, पाठ कर. ते पाठ करते: सी-एच-ए-आय-एन चेन, चेन म्हणजे साखळी. दुसऱ्या दिवशी आर-ए-आय-एन समोर आले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कालच्या शब्दाने आजच्या शब्दाला काडीची मदत केलेली नसते.

मावळातल्या मुलांसाठी इंग्रजी शब्द गोळा केलेल्या या पुस्तकाने नेमके तेच दुखणे धरले आहे. एकच अक्षरगट अंगावर वागवणारे इंग्रजी शब्द एका ठिकाणी आणायचे, प्रत्येकाचा मराठी अर्थ द्यायचा आणि सुरुवात मावळातल्या मुलाला कानाने ठाऊक असलेल्या शब्दापासून करायची, अशी संकलकांची रीत आहे. ए-आय-एन हा गट घ्या. ट्रेन, चेन, मेन, ड्रेन हे तर घरचेच. रेन एकटा ओळखीचा नसेल, पण रेनकोट आहे. लोणावळ्याचा पाऊस ज्याने काढला त्याला तो शिकवावा लागत नाही. एवढे पाच जण ओळखीचे निघाले की त्यांच्या जोडीने ब्रेन म्हणजे मेंदू, पेन म्हणजे दुखणे, ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा हे तीन परके सहज आत येतात. ग्रेनच्या पुढे वाक्य आहे ते इंद्रायणी तांदळाच्या दाण्याचे. वडगावच्या भात संशोधन केंद्राचा हा तांदूळ मावळात घरोघरी शिजतो, तेव्हा दुसरे उदाहरण शोधायला बाहेर जाण्याचे कारणच नव्हते. लगेच पुढच्या पानावर ए-एन-ई हा गट येतो: लेन, क्रेन, प्लेन. ऐकायला अगदी तसाच, लिहायला वेगळा. लेन आणि क्रेन मावळात घराघरांत पोचले ते मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे झाल्यावर. रेल्वेने ए-आय-एन आणला आणि द्रुतगती मार्गाने ए-एन-ई, असे एखाद्या पोराने लक्षात ठेवले तर भाषाशास्त्राच्या दृष्टीने ते चूक ठरेल, पण स्पेलिंग मात्र चुकणार नाही.

अक्षरांवरून शब्द जुळवण्याची ही विद्या साहेबाने आणली असे कोणी समजू नये. अमरकोशात शब्द मुख्यतः अर्थाने लावलेले आहेत, म्हणजे देवांची नावे एकीकडे, वनस्पतींची दुसरीकडे, पण तिसऱ्या कांडातल्या नानार्थवर्गात अमरसिंहाने तऱ्हा बदलली. एका शब्दाचे अनेक अर्थ सांगायचे असल्यामुळे तिथे शब्द शेवटच्या व्यंजनाने लागतात: आधी क शेवटी असलेले, मग ख, मग ग. मेदिनीकोश तर सबंधच्या सबंध या रीतीने बांधला आहे. कवीला श्लोकाचे टोक जुळवायचे असते, शिवाय पाठांतर करणाऱ्याच्या जिभेला शेवटचा ठेका हवा असतो, त्या दोघांची सोय त्यात झाली. आपल्या पुणे जिल्ह्यातच, बारामतीला बसून मोरोपंतांनी या अक्षरविद्येचा कळस केला. त्यांच्या रामायणांपैकी निरोष्ठ रामायणात ओठ मिटून उच्चारायचे एकही अक्षर नाही. काव्य म्हणून ते कसे आहे यावर वाद होऊ शकतो, मराठी शब्दसंपत्तीवरची हुकमत म्हणून होऊ शकत नाही. आणि हे सगळे पंडिती वाटत असेल तर गाण्याच्या भेंड्या आठवाव्यात. सहलीच्या बसमध्ये 'ण'वर अडकलेल्या माणसाला अक्षराचा धाक म्हणजे काय ते कोणी समजावून द्यावे लागत नाही.

इंग्रजांकडे ही गोष्ट उशिरा आली. रॉबर्ट कॉड्रीने १६०४ साली पहिला म्हणावा असा इंग्रजी-इंग्रजी कोश काढला तेव्हा ए सुरुवातीला शोधा, व्ही शेवटाकडे शोधा, हे त्याला प्रस्तावनेत सांगावे लागले. वर्णानुक्रम ही वाचकाच्या अंगवळणी पडलेली गोष्ट नव्हती. जॉन्सनचा कोश आला १७५५ साली. त्यानंतर वीस वर्षांनी जॉन वॉकरने शब्द शेवटाकडून लावून कोश केला आणि तो यमके जुळवण्यासाठी, स्पेलिंगसाठी व उच्चारासाठी अशा तिन्ही कामांना उपयोगी पडेल असे वरच जाहीर केले. मेदिनीकार आणि वॉकर यांची गाठ पडती तर दोघांचे छान जमले असते.

मराठी आणि इंग्रजी यांची कोशांतली गाठ पडली ती विल्यम केरीच्या हातून. १८१० साली श्रीरामपूरला त्याने मराठी-इंग्रजी कोश छापला, त्यातले मराठी मोडीत आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ ची. उलट दिशेचा, म्हणजे इंग्रजीतून मराठीत नेणारा मोठा कोश मोल्सवर्थने सुरू केला आणि थॉमस कँडीने १८४७ साली तडीस नेला. हे ग्रंथ आजही कपाटातून खाली काढावे लागतात, इतके ते पक्के आहेत. पण वर्णानुक्रमाचा कोश ज्याला शब्द आधीच ठाऊक आहे त्याच्या कामाचा. शिकणाऱ्याला त्यात नाइट हा एनच्या पानावर सापडतो, लाइट एलच्या आणि राइट आरच्या. हे तिघे एका घरचे आहेत हे कळायला त्याला सगळा कोश पालथा घालावा लागेल.

शिकणाऱ्यासाठी महाराष्ट्रात जे पुस्तक उभे राहिले ते द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांची भाषांतर पाठमाला. तिने किती पिढ्यांना इंग्रजी दिले याचा हिशेब कोणी मांडू शकणार नाही. नियम सांगायचा, शब्द द्यायचे, मग मराठी वाक्ये इंग्रजीत आणि इंग्रजी मराठीत करायला लावायची. तर्खडकरांचा जोर वाक्यावर होता. शब्द हे वाक्याला लागणारे साहित्य. त्या पुस्तकावर वाढलेली माणसे सरकारी कचेऱ्यांतून सफाईदार अर्ज लिहीत, वाक्यरचनेत सहसा चुकत नसत. बोलायची वेळ आली की मात्र त्यांची बोबडी वळे, हेही तितकेच खरे. उच्चार आणि अक्षर यांचे नाते पाठमालेच्या कक्षेतच नव्हते.

विसाव्या शतकात शब्द कसे शिकवावेत यावर जगभर जी भांडणे झाली त्यांचे पडसाद आपल्या शाळांपर्यंत आले, पण कोणत्या भांडणाचे ते कोणी सांगितले नाही. एक पक्ष म्हणाला, जे शब्द सर्वाधिक वापरात येतात तेवढेच आधी शिकवा. मायकेल वेस्ट हा शिक्षक ढाक्यात बंगाली मुलांना शिकवत असताना या मताला आला. १९५३ साली त्याने सुमारे दोन हजार शब्दांची यादी प्रसिद्ध केली. सी. के. ऑग्डेनने त्याआधीच, १९३० साली, साडेआठशे शब्दांत काम भागवून दाखवतो असा दावा केला होता. दुसरा पक्ष म्हणाला, शब्द फोडू नका. चित्रासारखा सबंध दाखवा, मूल तो चेहऱ्याने ओळखेल. तिसरा पक्ष ध्वनीवाल्यांचा. रुडॉल्फ फ्लेशने १९५५ साली अमेरिकेत पुस्तक लिहून चित्रपक्षावर तोफ डागली: मुलांना अक्षर आणि आवाज यांची सांगड शिकवा, नाहीतर ती वाचूच शकणार नाहीत. पुढे १९७० साली वायली आणि ड्युरेल या अभ्यासकांनी दाखवून दिले की आय-जी-एच-टी, ओ-सी-के, ए-आय-एन यांसारखे फक्त ३७ अक्षरगट पक्के झाले तर प्राथमिक वर्गांतले सुमारे पाचशे शब्द वाचता येतात. या पुस्तकाचा पहिला भाग त्याच कल्पनेवर उभा आहे. ओ-सी-के या गटाचा दरवाजा इथे मेगाब्लॉकने उघडला आहे, पाठोपाठ लॉक, शॉक, स्टॉक, आणि ड्यूक्स नोजच्या, म्हणजे आपल्या नागफणीच्या, कड्यावर दोर लावणाऱ्यांचा रॉक.

चौथा पक्ष धातुवाद्यांचा. नॉर्मन लुइसचे 'वर्ड पॉवर मेड ईझी' १९४९ साली अमेरिकेत निघाले आणि आज अप्पा बळवंत चौकात स्पर्धापरीक्षेच्या पुस्तकांशेजारी ते हटकून सापडते. लॅटिन आणि ग्रीक मुळे शिकलात की एका मुळावर दहा शब्द मिळतात, हा त्याचा मंत्र. मंत्र खरा आहे, पण तो सातवीच्या मुलाला द्यायचा की पदवीधराला, याचे तारतम्य आपल्या क्लासवाल्यांनी ठेवले नाही.

माझे मत असे की हे चारही पक्ष एका गोष्टीत कमी पडतात. अक्षरे सारखी आहेत म्हणजे नाते आहे, असे ते शिकणाऱ्याला न सांगता गृहीत धरायला लावतात. मावळात एका आडनावाची घरे गावोगाव असतात. त्यातली काही खरी भावकी, सुतक पाळणारी. काही नुसती आडनावबंधू, ज्यांच्यात सोयरिकीही होतात. आणि एखादे घर दत्तक गेलेल्याचे, आडनाव इथले पण रक्त दुसरीकडचे. गावातला जाणता माणूस हा भेद तोंडपाठ सांगतो. इंग्रजी शब्दांच्या बाबतीतही तो सांगितला पाहिजे, आणि या पुस्तकाने तो सांगायचे धाडस केले आहे म्हणून मला त्याचे मोल वाटते.

के-एन हा गट पाहा. नी, नाइफ, नॉट, नो. के लिहायचा आणि गिळायचा. 'के सायलेंट' एवढे सांगून आपले मास्तर पुढे सरकतात आणि इंग्रजी ही वेड्यांची भाषा आहे अशी मुलांची खात्री पटते. जुन्या इंग्रजीत हा के उच्चारला जात असे. जर्मन माणूस गुडघ्याला आजही 'क्नी' म्हणतो. आणि आपण? संस्कृतात गुडघा म्हणजे जानु. जाणणे या अर्थाचा धातू ज्ञा. इंग्रजीतला नी जानूचा दूरचा भाऊ आहे आणि जाणणे या अर्थाचा नो हा ज्ञा धातूचा. तोच धातू ग्रीकमधून जी-एन रूपाने डायग्नोसिसमध्ये बसला आहे. आता गंमत अशी की आपण लिहितो ज् आणि ञ, आणि बोलतो 'द्न्य'. ज्ञान या शब्दातला ज मराठी माणसाने कधीच गिळला आणि लिहिण्यात मात्र जपून ठेवला. इंग्रजांनी नोमधला के गिळून जपला, यात त्यांनी जगावेगळे काय केले? ऱ्हस्व-दीर्घाच्या नावाने खडे फोडणाऱ्यांनी, १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम पाठ करताना ज्यांना घाम फुटला त्यांनी, इंग्रजी स्पेलिंगला हसण्याआधी थोडे थांबावे.

जी-एच ची कथा तशीच. नाइट, एट, डॉटर यांतला जी-एच एके काळी घशातून खरखरत निघे. नाइट म्हणजे जर्मन नाख्ट आणि संस्कृत नक्त. श्रावणात नक्त करणारी आजी दिवसभर उपास करून रात्री जेवते तो हाच नक्त. एटचा भाऊ अष्ट, डॉटरची बहीण दुहिता. ही खरी भावकी. पण याच आय-जी-एच-टीच्या रांगेत आनंद या अर्थाचा डिलाइट उभा आहे, तो दत्तक. मूळ फ्रेंचमधून आला तेव्हा त्याच्यात जी-एच नव्हताच. लाइट, नाइट यांच्या शेजारी बसून लिहिणाऱ्यांनी तो त्याला चिकटवला. भूत या अर्थाच्या घोस्टमधला एच तर छापखान्याची कमाई समजतात. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली इंग्लंडात छपाई सुरू केली ती फ्लँडर्समध्ये काम करून परत आल्यावर, आणि तिकडच्या फ्लेमिश लिहिण्याच्या सवयीतून तो एच आला.

आडनावबंधूंचे उदाहरण संकलकांनी फार नेमके निवडले आहे. पवन मावळातल्या पॉलिहाऊसमधले गुलाब फेब्रुवारीत परदेशी जातात. पॉलिहाऊस, पॉलिएस्टर, पॉलिटेक्निक यांतला पी-ओ-एल-वाय म्हणजे ग्रीकमधला 'पुष्कळ'. पोलीसमध्ये वायच्या जागी आय आहे. तो पुष्कळ असला तरी त्या घरचा नाही, तो नगर या अर्थाच्या ग्रीक शब्दाकडचा, पॉलिटिक्सचा सख्खा. सरकारची पॉलिसी म्हणजे धोरण हीसुद्धा त्याच घरची. पण विमा एजंट जी पॉलिसी गळ्यात मारतो तिचे एक अक्षर वेगळे नसूनही ती तिसऱ्याच गावची: इटालियनमध्ये दस्तऐवजाला जो शब्द होता तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. अक्षरन् अक्षर जुळते आणि नाते शून्य. उलट गुलाबाच्या खोक्यावरचा एक्स्पोर्ट, ते नेणारा ट्रान्सपोर्ट, स्टेशनवरचा पोर्टर आणि साहेबाला द्यायचा रिपोर्ट हे सगळे 'वाहणे' या एकाच लॅटिन क्रियापदाचे, आणि ज्याच्याबद्दल कोणी शपथेवर नाही म्हणेल तो स्पोर्टही त्यांचाच. मनाला कामावरून दूर वाहून नेणारी करमणूक, असा त्याचा मूळ अर्थ.

नात्याचा आणखी एक प्रकार आहे, त्याला इतिहासाचा पुरावा लागत नाही. ग्लो, ग्लीम, ग्लिटर सगळे चकाकतात. स्नोअर, स्नीझ, स्निफ, स्नाउट सगळे नाकाशी घोटाळतात. जॉन वॉलिसने १६५३ साली आपल्या व्याकरणात हे टिपले होते. पुढे त्यावर लिहिणारा जे. आर. फर्थ लाहोरात प्राध्यापकी करून गेलेला. मराठीत झगमग, झळाळी, झिलई एका ओळीत म्हणून पाहिले की त्याला काय म्हणायचे होते ते लगेच कळते. पुस्तकात या शब्दांना जेमतेम दोन पाने मिळाली आहेत. मला ती कमी वाटली.

मावळासाठी म्हणून जे प्रकरण लिहिले आहे ते व्ही आणि डब्ल्यूचे. इथल्या माणसाला हा घोळ जन्मजात आहे. मावळ हा तालुका पुष्कळदा डब्ल्यूने लिहिलेला दिसतो आणि मावळ हा लोकसभा मतदारसंघ व्हीने. वडगाव आणि वलवण दोन्ही तऱ्हांनी लिहिलेले आढळतात. लोणावळ्याच्या व्हीनंतर ए घालायचा की नाही यावर पाट्यांचे अजून एकमत नाही, आणि जुन्या इंपीरियल गॅझेटियरात तर गावाचे 'लोनौली' होऊन गेले आहे. १७७९ साली जिथे इंग्रजांना नाक मुठीत धरून तह करावा लागला ते वडगाव त्यांच्या इतिहासांत 'वरगाम' सारखे लिहिलेले सापडते. बहुधा हरलेल्या जागेचे नाव नीट लिहिण्याचा त्यांना उत्साह नसावा. मूळ अडचण अशी की आपल्या एका 'व'समोर त्यांची दोन अक्षरे उभी आहेत. व्हीला वरचे दात खालच्या ओठाला लागतात, डब्ल्यूला ओठांचा चंबू होतो. मराठीने परक्या शब्दांपुरता यावर तोडगा केव्हाच काढला आहे: व्हीला व्ह, डब्ल्यूला व. लोणावळ्याच्या बाजारातून एक चक्कर मारली की दोन्ही याद्या पाट्यांवर तयार मिळतात. व्हॅली, व्ह्यू, व्हिला, व्हेज एका बाजूला. वॉटरफॉल, वॅक्स, वीकेंड, वायफाय दुसऱ्या बाजूला. संकलकांनी मुलांना वही घेऊन बाजारात पाठवले आणि पाट्या उतरवून आणायला लावल्या. चिक्कीच्या दुकानांपुढे वही घेऊन उभी राहिलेली पोरे पाहून गिऱ्हाइकांना काय वाटले असेल ते असो, पण ते प्रकरण पुस्तकातले सर्वांत जिवंत प्रकरण झाले आहे.

आताच हे पुस्तक का, याचे उत्तर २००० सालापासून सुरू होते. तोवर मराठी शाळेत ए-बी-सी-डी पाचवीत भेटत असे. त्या वर्षी राज्याने पहिलीपासून इंग्रजी सक्तीचे केले. शिक्षणमंत्री होते मावळच्या शेजारचे, पिंपरी-चिंचवडचे प्रा. रामकृष्ण मोरे. वाद पुष्कळ झाला. खेड्यातल्या मुलाला इंग्रजी लवकर मिळाले पाहिजे हा त्यामागचा विचार मला तेव्हाही पटला होता, आजही पटतो. पण आंदर मावळात किंवा नाणे मावळात जिथे दोन गुरुजींवर सगळे वर्ग असतात, तिथे पहिलीतले इंग्रजी म्हणजे चित्राखालचा शब्द वाचून दाखवणे एवढेच उरले. त्यावर उपाय म्हणून 'इंग्रजी बाराखडी' निघाली: के-ए का, के-आय की. तिने मुलांना स्वतःचे नाव लिहिता येते आणि पालक खूश होतात. मात्र के-आय-टी-ई हा शब्द 'किटे' वाचण्याची सवयही तीच लावते, आणि ती सुटता सुटत नाही. इंग्रजी अक्षर एकटे बोलत नाही, शेजाऱ्यांबरोबर बोलते. बाराखडीच्या मनाला ही गोष्ट परकी आहे, म्हणून अक्षरगट हेच एकक धरणे भाग आहे.

दुसरीकडे तळेगावच्या एमआयडीसीत कामाला लागलेला मुलगा, कार्ल्याला पाहुण्यांना लेणी दाखवणारा गाइड, तुंगार्लीतल्या बंगल्याचे बुकिंग सांभाळणारी मुलगी यांना इंग्रजी हवे आहे ते उद्या सकाळी. त्यांच्या फोनमध्ये शब्दांचे खेळही आहेत. जॉश वॉर्डलचा वर्डल २०२१ साली आला, काही महिन्यांत न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतला, आणि पाच अक्षरी शब्द हुडकण्याचे वेड सगळीकडे पसरले. अमुक अक्षरे असलेले शब्द सांगा, असे लोक फोनला विचारू लागले आणि फोन यादी देऊ लागला. ती यादी बिनअर्थाची असते. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचे जगज्जेते झाले तेव्हा त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हते. शब्दकोशातली अक्षरे तेवढी डोक्यात उतरवली होती. अफाट माणूस, यात शंका नाही. पण पाहुण्यांना भाजे लेण्याचा रस्ता सांगायचा असेल तर त्या विद्येचा उपयोग नाही, म्हणून या पुस्तकात एकही शब्द अर्थाशिवाय आणि वाक्याशिवाय आलेला नाही.

संकलकांशी माझे मतभेद झाले ते इथे नोंदवून ठेवतो. ओ-यू-जी-एच या गटाला त्यांनी अगदी शेवटी ढकलले आहे. दो, थ्रू, टफ, कॉफ, बाउ, थॉट अशी सहा तोंडे असलेला हा गट मुलांना घाबरवील, असे त्यांचे म्हणणे. मी म्हणालो, सुरुवातीलाच आणा. नियम कुठे मोडतो ते आधी कळले की नियमावर अंधविश्वास बसत नाही. त्यांनी वर्गात दोन्ही करून पाहिले आहे, मी नाही, तेव्हा त्यांचे राहू दिले. दुसरा मुद्दा देवनागरीतल्या उच्चारांचा. बॅट आणि बॉल लिहायला आपण ॲ आणि ऑ घेतले, तरी इंग्रजी टीचा पुढे सरकलेला आवाज देवनागरीत पकडता येत नाही. शिक्षकाने शब्द तोंडाने म्हणून दाखवलाच पाहिजे. पुस्तक त्याची जागा घेऊ शकत नाही आणि घेते असे म्हणतही नाही.

हा कोश नाही, व्याकरण नाही, स्पर्धापरीक्षेची गाइड तर नाहीच. गट कठीणपणाच्या क्रमाने लावलेले असल्यामुळे मधूनच उघडून वाचले तर थोडे बुजल्यासारखे होईल. त्यासाठी शेवटी वर्णानुक्रमाची सूची जोडली आहे. प्रत्येक गटाखाली चार-पाच ओळी कोऱ्या सोडल्या आहेत. त्या छपाईत राहून गेलेल्या नाहीत, मुलांनी घरून, गोठ्यातून, कंपनीच्या गेटवरून, दवाखान्याच्या चिठ्ठीवरून आणलेल्या शब्दांसाठी त्या ठेवल्या आहेत. आठवड्याला एक गट पुरे. आणि शिक्षकांना एक विनंती: त्या आठवड्यात त्या गटावर शुद्धलेखनाची परीक्षा घेऊ नका, तिच्यासाठी वर्षाचे बाकीचे दिवस आहेत.